पाणवेली आणि पाणथळ : नांदूरमधमेश्वरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी निफाडजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या बाजूला दुर्बीण लावून उभं राहिलं की तासाभरात कुणीतरी हमखास म्हणतं, "काय सुंदर हिरवळ आहे हो!" मग सांगावं लागतं की ती हिरवळ नाही, ते पाणवेलीने झाकलेलं पाणी आहे, आणि खरा घोटाळा तोच आहे. तिथून पुढे जे प्रश्न सुरू होतात ते गेली कित्येक वर्षं जवळपास तेच आहेत. म्हणून एकदाचे लिहून काढले.

जलपर्णी, पाणवेली, केंदाळ हे सगळं एकच का?

एकच. पुण्यात जलपर्णी म्हणतात, आमच्या नाशिक-निफाडकडे पाणवेली, कोल्हापूर-सांगलीकडे केंदाळ. शास्त्रीय नाव पूर्वी आयकॉर्निया क्रासिपेस होतं, आता पॉन्टेडेरिया क्रासिपेस झालंय. नाव बदललं म्हणून स्वभाव बदललेला नाही.

मात्र पाण्यातलं प्रत्येक हिरवं म्हणजे पाणवेल नव्हे. पाण्याखाली डुलणारं शेवाळ, कमळ, कुमुदिनी, शिंगाडा, काठावरचं पाणकणीस ही सगळी इथलीच मंडळी. परदेशातून येऊन बसलेल्यांत पाणवेलीखेरीज सॅल्व्हिनिया नावाचं तरंगणारं नेचं आहे (केरळात त्याला आफ्रिकन पायल म्हणतात, आहे मात्र ते ब्राझीलचं) आणि काठावर जांभळट-गुलाबी फुलांचं बेशरम. नाव अगदी योग्य आहे. कापून फेकलं तरी फेकल्या जागी रुजतं.

ही आपल्याकडे आली कशी?

फुलामुळे. मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून ती बंगालमध्ये पोचली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिथली भातखाचरं, खाड्या आणि नावांच्या वाटा तिने बुजवून टाकल्या. १९३६ मध्ये बंगालला तिच्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला, आणि १९३७ च्या निवडणुकीत ती उपटून टाकण्याचं आश्वासन जाहीरनाम्यांत होतं. ती अजून तिथे आहे.

नांदूरमधमेश्वर तर धरण आहे, त्याला दलदल का म्हणता?

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर १९०७ ते १९११ या काळात बंधारा बांधला तो कालव्यांसाठी. डावा आणि उजवा कालवा इथून कोपरगाव-राहात्याकडे जातो. पण शंभर वर्षांत दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ मागे साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, कडेला चिखलाची मैदानं उघडी पडू लागली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने हे नुकसान. बदकांच्या हिशेबाने मेजवानी. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. रामसरच्या माहितीत या जागेला असलेल्या धोक्यांत पाणवेलीचं नाव आहेच.

उथळपणा इथे महत्त्वाचा. खोल जलाशयात पाणवेल वर तरंगते आणि खाली बरंच पाणी शिल्लक राहतं. गुडघाभर पाण्याच्या दलदलीत वरचा थर आणि तळ यांच्यात फारसं काही उरतच नाही, त्यामुळे सगळे परिणाम लवकर आणि जोरात दिसतात.

इतकी भराभर वाढते तरी कशी?

एक रोप हातात घ्या. देठ मधे फुगीर असतो. दाबला तर स्पंजासारखा, आत सगळी हवा. तोच तिचा तराफा. खाली काळपट-जांभळी मुळं, पिसांसारखी, वीतभर ते हातभर लांब. बुडातून बाजूला एक दोरा निघतो आणि त्याच्या टोकाला पिल्लू रोप असतं. त्या पिल्लालाही आठवड्याभरात स्वतःचा दोरा फुटतो. ऊन आणि खत भरपूर असेल तर संख्या साधारण एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते.

दहा दिवसांची दुप्पट धरा. दहा रोपांची शंभर दिवसांत दहा हजारांवर रोपं होतात. त्यामुळे "आत्ता कुठे चौथाईच पाणी झाकलंय, बघू पुढच्या महिन्यात" हे वाक्य ऐकलं की मी कपाळाला हात लावतो. चौथाईपासून पूर्ण झाकायला फक्त दोनदा दुप्पट व्हायचं असतं.

वर बिया आहेतच. फूल दिसायला सुरेख, फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर मोरपिसातल्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. फुलोरा संपला की त्याचा दांडा खाली वाकतो आणि बिया पाण्यात सोडतो. चिखलात त्या पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरून ओला गाळ उघडा पडला की रुजतात. नांदूरला पाणी दर उन्हाळ्यात ओसरतं, हे लक्षात घ्या.

पण खाली नेमकं काय होतं? वनस्पतीच तर आहे.

पहिला बळी उजेडाचा. पानांचा थर जमला की खाली ऊन पोचत नाही. पाण्याखालचं शेवाळ पिवळं पडतं, कुजतं. हेच शेवाळ आणि त्याचे कंद म्हणजे बऱ्याच बदकांचं जेवण. शिवाय माशांच्या पिल्लांची लपायची जागाही तीच.

दुसरा बळी प्राणवायूचा. पाण्याखालच्या वनस्पती आपला प्राणवायू पाण्यात सोडतात. पाणवेलीची पानं हवेत असतात, ती तो हवेत सोडतात. वरून थर इतका घट्ट की वाऱ्याने पाण्यावर लाट उठत नाही, म्हणजे हवेतून मिसळायचा तोही बंद. खाली मात्र कुजणं अखंड चालू, आणि कुजायला प्राणवायू लागतो. मासे आणि वन्यजीवांसाठी पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. दाट थराखाली पहाटे तो त्याच्या बराच खाली जातो. काठाजवळचा थर काठीने बाजूला सारून पाहा, सडक्या अंड्याचा वास येतो. तळाशी प्राणवायू संपल्याचा तो वास.

तिसरा परिणाम सावकाश होतो आणि माझ्या मते सगळ्यात वाईट तोच. मेलेली पानं-मुळं तळाशी बसतात, मुळांच्या जाळीत नदीचा गाळ अडकतो, तळ वर येतो. मग त्या मऊ थरावर गवत रुजतं, गवतावर बेशरम, आणि पाच-सात वर्षांनी जिथे होडी जायची तिथे शेळ्या चरताना दिसतात. पाणथळ आटत नाही, बुजते. आटलेली पाणथळ पावसाने परत येते. बुजलेली येत नाही.

मग तिच्यावर एवढे पक्षी बसलेले कसे दिसतात?

हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला "नाही, नाही, पाणवेल वाईटच" असं झटकून टाकणारे मला पटत नाहीत. कमळपक्षी लांब बोटांनी तिच्यावरून आरामात चालतो. जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यात लपतात, ढोकरी कडेला टपून बसते. तिची मुळं बादलीत झटकून पाहिलीत तर चतुराच्या अळ्या, गोगलगायी, बारीक झिंगे खाली पडतात. थोडी पाणवेल असते तेव्हा तिच्या कडेला जीवसृष्टी वाढलेलीही दिसते.

पण कोण दिसत नाही तेही मोजा. चांदवा या पाणपक्ष्याला उडण्याआधी पाण्यावरून धावावं लागतं, म्हणजे धावपट्टी हवी. बुड्या मारणाऱ्या बदकांना वर-खाली यायला मोकळं पाणी हवं. चमचा नावाचा पक्षी आपली चोच उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो, वेलींच्या गुंत्यात त्याचं काय चालणार? चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हजारो मैलांवरून येतात ते उघड्या पाण्यासाठी आणि चिखलासाठी. थर पसरला की पाच-सहा जातींची चैन होते आणि बाकीच्या मुकाट्याने दुसरीकडे जातात. फोटोत कमळपक्षी येतो. निघून गेलेल्यांचा फोटो नसतो.

मासेमारीवर काय परिणाम होतो?

जाळं टाकायला जागा राहत नाही, टाकलं तर वेलींसकट वर येतं आणि फाटतं. होडी वल्हवायला दुप्पट जोर लागतो. मिळणाऱ्या माशांत हवेतून श्वास घेऊ शकणारे मागूर-मरळसारखे तग धरतात, बाकीचे कमी होतात.

डास वाढतात ते हिच्यामुळेच का?

हिच्यामुळेही. साचलेलं सावलीतलं पाणी क्युलेक्स डासाला आवडतंच, पण मॅन्सोनिया नावाच्या डासाची तऱ्हा न्यारी. त्याची अळी श्वास घ्यायला पृष्ठभागावर येत नाही. ती तरंगत्या वनस्पतीच्या मुळांत आपली नळी खुपसून तिथली हवा घेते. म्हणून पाण्यावर तेल टाकून ती मरत नाही. केरळात चेर्थला भागात हत्तीरोग पसरवणारा डास हाच, आणि तिथे उपाय म्हणून तळ्यांतली पाण्यावर तरंगणारी पिस्टिया काढण्याची मोहीम चालवावी लागली.

ती पाणी शुद्ध करते असं वाचलं होतं.

करते. पाण्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस, शिसं, कॅडमियम ओढून घेते. पण ओढून घेतलेलं कुठे जातं? रोप मेलं आणि तिथेच कुजलं तर सगळं परत पाण्यात. शुद्धीकरणाचा फायदा फक्त तेव्हाच, जेव्हा रोप वेळच्या वेळी बाहेर काढून लांब नेलं जातं. बंदिस्त टाकीत हे जमतं. नदीत सोडून "निसर्गच स्वच्छ करतोय" म्हणणं म्हणजे घर झाडून केर सतरंजीखाली ढकलणं.

पुरात सगळी वाहून जातेच ना, मग काळजी कशाला?

नाशिकहून येणारी पाणवेल पुरात वाहून आमच्याकडेच येते! गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकच्या खालच्या टप्प्यात वर्षभर पोसलेल्या वेली सुटतात आणि सायखेड्याच्या पुलाला अडकतात. बातमी दर पावसाळ्याची. पुलाला ढीग लागला की पाण्याला वाट मिळत नाही, फुगवटा चांदोरी-सायखेड्यात शिरतो. ढीग फोडला की तो पुढे सरकतो, आणि पुढे आहे अभयारण्य. पूर ओसरल्यावर खाडीसारख्या कोपऱ्यांत जे चार-दोन पुंजके अडकून राहतात, ते पुढच्या वर्षाचं बियाणं.

आम्ही ग्रुप घेऊन येतो, एका दिवसात काढून टाकू.

या, पण आधी आमची फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी आम्ही वीस-पंचवीस जणांनी मे महिन्यात दिवसभर राबून काठावरची बरीच पाणवेल ओढली. हात सोलवटले, फोटो काढले, वडापाव खाल्ला. ढीग लावला पाण्यापासून दहा-बारा फुटांवर, कारण पुढे न्यायला ट्रॅक्टर नव्हता आणि जीव राहिला नव्हता. ढिगाच्या आतली रोपं ओलसर राहिली, जून-जुलैत पाणी चढलं आणि आमचा ढीग तरंगत तरंगत जिथल्या तिथे गेला.

त्यातून शिकलो ते एवढंच: ओढण्यापेक्षा वाहून नेणं अवघड. दाट थराचं वजन हेक्टरला दोनशे-तीनशे टन सहज भरतं आणि त्यातलं जवळजवळ ९५ टक्के नुसतं पाणी असतं. म्हणजे आपण घाम गाळून मुख्यतः पाणी वाहतो. काढल्यावर पूररेषेच्या बाहेर पातळ पसरून वाळवायचं, मगच पुढचं.

वेळही पाहावी लागते. नोव्हेंबर ते मार्च स्थलांतरित पक्षी असतात, पावसाळ्यात कमळपक्षी आणि पाणकोंबड्यांची घरटी. उरतात एप्रिल-मे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तणनाशक मारलं तर?

मरते. आणि हजारो टन पाला एकदम पाण्यात कुजायला लागतो, उरलासुरला प्राणवायू तो खाऊन टाकतो आणि मासे उलटे होतात. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या तयार औषधांत पानावर चिकटण्यासाठी जी मिसळणं असतात त्यांतली काही बेडकांच्या पिल्लांना ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक ठरतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. ज्या पाण्यावर खालच्या गावांचं पिणं आणि शेती आहे तिथे मी तरी फवारणीचं नाव काढणार नाही.

तिला खाणारे किडे असतात म्हणे?

असतात. निओकेटिना वंशाचे दोन भुंगे, तांदळाच्या सोंडकिड्याचे थोरले भाऊ म्हणा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ते आणून, इथल्या पिकांना खात नाहीत ना हे तपासून सोडले. भुंगा पान खरवडतो, अळी देठ पोखरते, कोष मुळांवर पाण्याखाली करते. पोखरलेल्या देठात पाणी शिरतं, रोप बुडतं. बंगळुरूच्या तळ्यांत आणि मणिपूरच्या लोकटाकमध्ये चांगला परिणाम दिसला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठे थर खचले, त्यात या भुंग्यांचा वाटा होता. पुढे पाणवेल तिथे पुन्हा वाढली, हेही खरं.

आपल्याकडे अडचण दोन जागी आहे. भुंग्याची एक पिढी व्हायला दोन-तीन महिने लागतात, सांडपाण्यावर पोसलेली पाणवेल त्याच्या कितीतरी पुढे पळते. आणि दरवर्षी पूर किंवा यंत्र येऊन पाणवेलीसोबत भुंगेही घेऊन जातं. यंत्राने काढताना काही पट्टा भुंग्यांसाठी मुद्दाम राखायचा असतो, पण राखलेला पट्टा दिसला की "काम अर्धवट सोडलं" अशी तक्रार होते.

खत, गॅस, टोपल्या करून पैसे नाही का मिळवता येणार?

खत उत्तम होतं, फक्त ढीग आतून नीट तापला पाहिजे, नाहीतर बिया जिवंत राहतात आणि पाणवेल शेतातल्या तळ्यात पोचते. कारखान्याचं पाणी येणाऱ्या ठिकाणची पाणवेल जनावरांना घालू नये, त्यात जड धातू असतात. वाळलेल्या देठांच्या टोपल्या, चटया सुबक होतात. पण शंभर टन ओल्यातून पाच टन सुकं निघतं, त्यातला देठ तेवढा कामाचा. बचतगटाच्या बायांना चार पैसे मिळावेत म्हणून जरूर करा. त्यातून तळं मोकळं होईल या भरवशावर राहू नका. उलट धंदा जमला की पाणवेल टिकावी असं वाटणारं कुणीतरी तयार होतं.

म्हशी सोडल्या तर खाणार नाहीत?

पाणवेल फारशी आवडीने खात नाहीत. पण प्रश्नात दम आहे, आणि तो भरतपूरमुळे. नांदूरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, म्हणून ही गोष्ट आम्हाला माहीत हवी. भरतपूरच्या केवलादेवला राष्ट्रीय उद्यान केल्यावर १९८२ मध्ये तिथली म्हशींची चराई बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे चारणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी गेल्यावर पासपॅलम नावाचं गवत उथळ पाण्यावर इतकं माजलं की पाणपक्ष्यांना मोकळं पाणी उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (बीएनएचएस) तिथे दहा वर्षं अभ्यास चालला होता. चराई बंद व्हावी असं पक्षीतज्ज्ञांनाही वाटत होतं. निष्कर्ष निघाला तो उलटा, की ते गवत म्हशीच आटोक्यात ठेवत होत्या. १९९० मध्ये केवलादेव रामसरच्या धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं.

म्हणून नांदूरच्या काठावर गुरं दिसली की लगेच मोबाईल काढून तक्रार करणाऱ्यांना मी जरा थांबवतो.

काठावरचं पाणकणीसही काढायचं का?

सरसकट नाही. जेसीबीवाल्याला "सगळं हिरवं काढ" सांगितलं की तो काठ खरवडून सपाट करतो. पाणकणसात सुगरणी आणि वटवटे राहतात, रात्री चिमण्या-धोबी मुक्कामाला येतात. ते फार माजलं तर पट्टे सोडून कापावं.

मग खरा उपाय कोणता?

तिचं जेवण तोडणं. पाणवेल हे दुखणं नाही, ताप आहे. दुखणं वरच्या अंगाला आहे: शहराचं अर्धवट प्रक्रिया झालेलं सांडपाणी आणि द्राक्ष-ऊस-कांद्याच्या शेतांतून धुपून येणारी खतं. स्वच्छ पाण्यात ही वनस्पती रोडावते. पानं लहान, पिवळट, मुळं मात्र लांबलचक, कारण अन्न शोधावं लागतं. आमच्याकडची पाहा, मांडीइतकी उंच, गर्द हिरवी, मुळं आखूड. मुळांची लांबी पाहून पाण्यात किती घाण आहे याचा अंदाज बांधता येतो, प्रयोगशाळा लागत नाही.

त्याच्या जोडीला वरच्या टप्प्यात, अभयारण्याच्या आधीच, नदीवर तरंगते अडसर टाकून रोज थोडी थोडी काढणं. हे काम वर्षभराचं असतं. सिंहस्थाच्या तोंडावर घाट चकाचक करण्याची ठेकेदारी हा वेगळा विषय आहे.

गच्चीवरच्या टाकीत एक रोप ठेवलंय, त्याने काय होणार?

टाकीत काही होत नाही. कंटाळा आल्यावर ते जिथे टाकाल तिथे होतं. उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत घाला, नाल्यात नको.

मी नुसता बघायला आलो तर उपयोगाचं काय करू?

एकाच जागेवरून, दर महिन्याला, एकाच कोनातून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. थर किती पसरला-आकसला हे सांगणारं याहून स्वस्त साधन नाही. आणि काठाशी एखादं पान निरखा: त्यावर मसुरीएवढे, बाहेरची हिरवी साल खरवडल्यासारखे फिकट डाग असतील तर भुंगे अजून आहेत. तेही लिहून ठेवा, किती पानांपैकी किती.